कोल्हापुरात राहून दिनामो झाग्रेबचा हंगाम कसा धरायचा

फुटबॉलचा क्लब एकच निवडा, आणि निवडताना कोल्हापूरची सवय जरा बाजूला ठेवा. आपल्याकडं वर्ल्डकप आला की पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, चौकाचौकात कटआउट उभे राहतात आणि महिन्याभरात सगळं उतरवून ठेवलं जातं. क्लबाचं तसं नसतं. क्लब म्हणजे जुलै ते मे. त्यात पाऊस आला, गणपती आले, दिवाळी आली, पोरांच्या परीक्षा आल्या. तेवढा दम असेल तरच या नादाला लागा.

मी दिनामो झाग्रेब, म्हणजे क्रोएशियाच्या राजधानीचा क्लब, धरला तो २०१८ च्या वर्ल्डकपनंतर. त्या फायनलला फ्रान्सनं क्रोएशियाला ४-२ नं हरवलं, स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल क्रोएशियाच्या मॉद्रिचला मिळाला, आणि आमच्या गल्लीत क्रोएशियाच्या बाजूनं ओरडणारी मी एकटीच होते. मॉद्रिच कुठनं आला हे शोधत गेले आणि दिनामोपाशी पोचले. माझं दूध केंद्र आहे मंगळवार पेठेत. पहाटे गिऱ्हाइकं येतात ती आदल्या रात्रीच्या सामन्याचं विचारतात, त्यातलं निम्मं चेष्टेनं. भाचा मात्र परवा खरंच विचारत होता, "आत्या, तुझ्या ध्यानात कसं राहतं गं हे सगळं?" राहत नाही. मी लिहून ठेवते. कसं ते सांगते.

आधी निवडीचं. क्रोएशियात तीनच क्लब असे आहेत की ज्यांचा हंगाम शेवटपर्यंत ताणलेला राहतो. युरोपातले मोठे सामने बघायचे असतील तर दिनामो. गर्दी, गाणी, भांडणं आणि जुना अभिमान हवा असेल तर स्प्लिट शहराचा हायदुक. हा क्लब १९११ मध्ये शिकायला गेलेल्या पोरांनी प्रागमधल्या एका बिअरच्या दुकानात बसून काढला. त्याची तोर्सिदा नावाची समर्थकांची फळी १९५० पासून आहे, आणि त्यानं लीग शेवटची जिंकली ती २००५ मध्ये. तरी त्यांचं पोल्युद स्टेडियम भरतं. तिसरा रियेका. बंदराचं गाव, वर्षानुवर्षं दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर समाधान मानणारं, पण २०१७ आणि २०२५ मध्ये दोघांच्याही नाकावर टिच्चून लीग घेऊन गेलं. दिनामो आणि हायदुकच्या सामन्याला तिकडं 'व्येच्नी दर्बी' म्हणतात, कायमचं वैर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या आपल्या क्लबांचा सामना ज्यानं बघितलाय, त्याला याहून जास्त समजावून सांगायला नको.

लीगमध्ये क्लब फक्त दहा. म्हणून प्रत्येकाची प्रत्येकाशी चार-चार वेळा गाठ पडते, दोनदा घरी आणि दोनदा बाहेर. एकूण ३६ फेऱ्या. इंग्लंडची लीग बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. तिथं एकदा मॅंचेस्टरहून हरून आलात की त्या वर्षात एकच संधी उरते. इथं चार वेळा तेच अकरा जण, तोच कोच, तीच खुन्नस. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत थंडीची सुट्टी असते, बर्फामुळं. आपल्याकडं तेव्हा शाहू स्टेडियमवर हंगाम रंगात येत असतो, त्यामुळं हात रिकामे राहत नाहीत.

बाकीच्या सातांकडं फार लक्ष दिलं नाही तरी चालतं, पण यातली सहा नावं पाठ असू द्या: ओसियेक, वाराझदिन, गोरिका, लोकोमोतिवा, पुलाचा इस्त्रा १९६१, कोप्रिव्हनित्साचा स्लावेन बेलुपो. दहावा मे महिन्यात खाली जातो आणि खालून नवा वर येतो. २०२५ मध्ये शिबेनिक खाली गेला. हा शिबेनिक म्हणजे २०२१ मध्ये आपला, भारतीय संघातला संदेश झिंगन जिथं गेला तोच. दुखापतीनं त्याला एकही सामना खेळू दिला नाही आणि जानेवारीत तो परत आला. आणि त्या काळात भारताचा कोच कोण, तर इगोर श्तिमाच, हायदुकचा जुना डिफेंडर. एवढीशी ती ओळख, पण आहे.

घड्याळाचं

झाग्रेब आपल्या मागं आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं सरकतात. तेवढे दोन रविवार कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवा. चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत वरच्या स्पर्धेचा, त्यांचा रात्री नऊचा सामना सप्टेंबरात आपल्याकडं साडेबाराला असतो, नोव्हेंबरात दीडला. पावणेसातचा असेल तर सव्वादहा किंवा सव्वाअकरा. नऊच्या सामन्याची तारीखही बदलते: त्यांचा मंगळवार आपल्या बुधवारात जातो, आणि दुसऱ्या पायरीच्या युरोपा लीगचा गुरुवार आपल्या शुक्रवारात. मी आपली तारीख मोठी लिहिते आणि खाली बारीक त्यांची.

लोकांना साडेबाराचा सामना सोपा वाटतो. मला उलट. तो अडीचच्या सुमारास संपतो. झोपावं तर दुधाचा टेम्पो यायला थोडाच वेळ, जागावं तर डोळ्यांवर झापड. दीडचा सामना संपला की मी सरळ शटर वर करते. ज्यांची नोकरी आहे त्यांनी नऊला झोपून गजर लावावा, किंवा सकाळी उठून सामना बघावा. स्कोअर आधी कळायची भीती बाळगू नका. तालमीच्या ग्रुपवर रियल माद्रिदचा स्कोअर गोल पडायच्या आत येतो, दिनामोचा आजवर कुणी टाकलेला नाही.

लीगचे सामने शुक्रवार ते रविवार असतात आणि बहुतेक वेळा आपल्या रात्रीच्या जेवणाच्या अलीकडं-पलीकडं पडतात. युरोपातले सामने सोनीकडं असतात, पण एका रात्री इतके सामने असतात की दिनामोचा टीव्हीवर लागेलच असं नाही. तो सोनी लिव्हवर शोधा. लीगच्या सामन्यांची क्षणचित्रं लीगच्याच यूट्यूब चॅनेलवर येतात, कोपरे आणि गोल दोन्ही नीट दिसतात. फुकट लाइव्हच्या चोरट्या लिंका उघडू नका. फोनची वाट लागते आणि पेनल्टीच्या वेळी हमखास चित्र गोठतं.

दोन वह्या

आता मुख्य काम. शंभर पानी वह्या दोन आणा. एक घरच्या लीगची, एक युरोपची. एकाच वहीत दोन्ही लिहिलं की चार महिन्यांत काहीच सापडत नाही, आणि खरी अडचण पुढं येते: दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत.

घरच्या वहीत तारखेप्रमाणं लिहीत जाऊ नका. प्रत्येक क्लबाला एक पान द्या आणि पानावर चार ओळी आखा. हायदुकचं पान, रियेकाचं पान, ओसियेकचं पान. एकेक सामना झाला की ओळ भरायची: कुठं झाला, किती गोल, कोण नव्हतं, आणि आधीचा सामना किती दिवसांपूर्वी झाला होता. शेवटचा रकाना कधीही चुकवू नका. बुधवारी रात्री परदेशात खेळून गुरुवारी विमानानं परत आलेला संघ रविवारी कोप्रिव्हनित्साला कसा खेळतो, ते त्या रकान्यात दिसतं. पेपरवाले 'खेळाडू निष्प्रभ' लिहून मोकळे होतात.

रियेका आणि हायदुकची पानं मी पहिल्याच पानांवर ठेवते. कारण तिकडच्या लीगमध्ये दोघांचे गुण सारखे झाले तर आधी बघतात ते त्या दोघांच्या आपसातल्या सामन्यांकडं. शेवटच्या क्लबाला सहा गोल मारलेत, त्याचा तिथं उपयोग नाही.

युरोपच्या वहीत मात्र सामने ओळीनं लिहायचे, कारण तिथं आठच असतात. २०२४ पासून चॅम्पियन्स लीगमध्ये ३६ संघांचा एकच तक्ता आहे. पहिले आठ सरळ पुढं जातात, नववा ते चोविसावा प्ले-ऑफ खेळतात, पंचविसाव्यापासून खाली सगळे घरी. गुण सारखे झाले की गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात, तोही सारखा तर केलेले गोल. म्हणून उजवीकडं एक रकाना लाल पेनचा: गोलफरक किती, आतापर्यंतचा. बाकी काही नाही लिहिलं तरी हा रकाना लिहा.

का, ते २०२४-२५ च्या हंगामावरून सांगते. असा हंगाम शिकवायला परत मिळणार नाही.

ऑगस्टमध्ये दिनामोनं अझरबैजानच्या काराबागला घरी ३-० आणि बाकूत २-० हरवलं आणि चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत गेले. पहिला सामना १७ सप्टेंबरला म्युनिकमध्ये, बायर्नशी. आपल्याकडं त्या दिवशी अनंत चतुर्दशी. घरातले सगळे मिरवणुकीत, महाद्वार रोडवरनं मंडळं सरकतायत, आमच्या खिडकीच्या काचा डीजेनं थरथरतायत आणि मी फोनवर. हाफटाइमला बायर्न ३-० नं पुढं. मग पाच मिनिटांच्या आत दिनामोच्या पेत्कोविच आणि ओगिवारा यांचे दोन गोल, ३-२! मी एकटी घरात ओरडले, आणि त्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. त्यानंतर जे झालं ते वहीत आहे: ९-२. बायर्नच्या हॅरी केनचे चार गोल, त्यातले तीन पेनल्टीवर. कोच याकिरोविच काही दिवसांत गेला, ब्येलित्सा आला.

लाल रकान्यात पहिल्याच दिवशी उणे ७. त्या दिवशी सगळे म्हणाले की हार ती हार, नऊ असोत की एक, गुण तर शून्यच. हेच चुकीचं आहे, आणि बहुतेक लोक तक्ता असाच वाचतात.

पुढं दिनामोनं काय केलं बघा. मोनॅकोशी घरी २-२, उणे ७ कायम. साल्झबुर्गला त्यांच्या गावात जाऊन २-०, उणे ५. ब्रातिस्लाव्हात स्लोव्हानला ४-१, उणे २. इथं मी पेढे वाटले होते केंद्रावर. मग डॉर्टमुंडकडून घरी ०-३, परत उणे ५. सेल्टिकशी ०-०. डिसेंबरात ब्येलित्साही गेला आणि फाबियो कान्नावारो आला, २००६ चा विश्वविजेता इटलीचा कप्तान. गंमत म्हणजे त्याच्याच त्या संघातला गात्तूसो त्याच वेळी हायदुकचा कोच होता. लंडनमध्ये आर्सेनलनं ३-० मारलं, उणे ८.

२९ जानेवारी २०२५, शेवटची फेरी. अठराच्या अठरा सामने एकाच वेळी, आपल्याकडं रात्री दीडला. अशा रात्री दोन फोन लागतात. एकावर दिनामोच्या माक्सिमिर मैदानावर मिलान, दुसऱ्यावर मॅंचेस्टर सिटी आणि बेल्जियमचा ब्रुज. दिनामोच्या बातुरिनानं गोल केला, मिलानचा एक जण लाल कार्डावर बाहेर गेला, त्यांच्या पुलिसिकनं बरोबरी साधली, मग दिनामोच्या प्याचाचा गोल. २-१. ब्रुज हाफटाइमला १-० नं पुढं. ते तसंच राहिलं असतं तर सिटी बाहेर आणि दिनामो चोविसावा. पण सिटीनं उलटवलं, ३-१. बरोबरीचा गोल कुणी मारावा? कोवाचिचनं. पोरगा दिनामोतच मोठा झालेला!

शेवटी सिटी, स्पोर्टिंग, ब्रुज आणि दिनामो, चौघांचे गुण ११. ब्रुजचा गोलफरक उणे ४, दिनामोचा उणे ७. दिनामो पंचविसावा. तीन विजय, मिलानला हरवलेलं, आणि घरी.

आता लाल रकाना वर न्या, पहिल्या ओळीवर. म्युनिकमध्ये नऊच्या जागी सहा बसले असते तर? फरक उणे ४ झाला असता, ब्रुजएवढाच. मग केलेले गोल बघितले असते: दिनामोचे १२, ब्रुजचे ७. दिनामो पुढं. म्हणजे शेवटच्या पाव तासात, सामना केव्हाच हरलेला असताना, पाय ओढत जे तीन गोल खाल्ले, ते चार महिन्यांनी अंगाशी आले. म्हणून सामना हातचा गेला तरी फोन बंद करायचा नाही. युरोपच्या वहीत ८-२ आणि ९-२ वेगळे आहेत.

आणि घरच्या वहीत काय झालं? कान्नावारो एप्रिलमध्ये गेला, पेर्कोविच आला. कोचची मुख्य नावंच चार झाली. कोच बदलला की मी त्या तारखेखाली पानभर आडवी रेघ मारते आणि तिच्या वर-खालचे निकाल एकत्र मोजत नाही. मेच्या शेवटच्या रविवारी रियेकानं स्लावेन बेलुपोला २-१ नं हरवलं. तक्ता असा: रियेका ६५, दिनामो ६५, हायदुक ६३. आपसातल्या सामन्यांत रियेका सरस, म्हणून लीग त्यांची. क्रोएशियाचा कपही त्यांनीच घेतला. दिनामोची सलग सात वर्षांची लीग तिथं संपली.

एकाच हंगामात एकाच क्लबाला दोन ठिकाणी बरोबरीच्या गुणांवर हात चोळत बसावं लागलं, घरी एका नियमानं आणि युरोपात दुसऱ्या. गोलफरकाचा नियम डोक्यात ठेवून घरची लीग बघणारे मे महिन्यात हिशेब करत बसले आणि त्यांना काही उमगलं नाही. रियेकाच्या पानावरच्या चार ओळी ज्याच्यासमोर होत्या, त्याला आधीच धाकधूक होती.

बातम्या कुठं वाचायच्या

'स्पोर्त्स्के नोवोस्ती' हा त्यांचा खेळाचा पेपर, तो झाग्रेबचा. हायदुकबद्दल वाचायचं असेल तर स्प्लिटचा 'स्लोबोद्ना दाल्मात्सिया', रियेकासाठी 'नोवी लिस्त'. आपल्या गावच्या संघाबद्दल दुसऱ्या गावच्या पेपरात काय येतं हे आपल्याला माहीत आहे, तेच तिकडं. भाषांतर फोन करून देतो, पण माणसांच्या नावांची तो माती करतो, म्हणून मूळ मजकूर उघडा ठेवा. अक्षरांचं एवढं लक्षात ठेवा की इंग्रजीतला जे तिथं 'य' होतो आणि साधा सी 'त्स'. म्हणून हायदुक, म्हणून रियेका. 'कोलो' म्हणजे फेरी, 'ओझ्ल्येदा' म्हणजे दुखापत. एवढ्यावर मथळे निभावतात.

जुनं वाचायची हौस असेल तर दोनच रात्री सांगते. मार्च २०२१ ची टॉटनहॅमची: पहिला सामना ०-२ हरलेले, काही दिवसांपूर्वी कोचनं पद सोडलेलं, आणि दिनामोच्या ओर्शिचनं एकट्यानं तीन गोल मारून जादा वेळेत त्यांना बाहेर काढलं. आणि सप्टेंबर २०२२ ची चेल्सीची: परत ओर्शिचच, १-०, दुसऱ्या दिवशी चेल्सीनं कोच टुखेलला काढला. माक्सिमिरचा पूर्वेकडचा भाग २०२० च्या भूकंपानंतर बंद होता, तो त्या चित्रात रिकामा दिसतो. पडदा बिघडलाय असं समजू नका.

जूनमध्ये काय करायचं

लीग मेमध्ये संपते, पण वही मिटू नका. जूनच्या मध्यावर युरोपच्या पात्रता फेऱ्यांची सोडत निघते आणि जुलैत सामने सुरू. लीग जिंकणाऱ्याला तिथं पायऱ्या असतात: वरच्या पायरीवर हरलात तर खालच्या स्पर्धेत संधी मिळते. २०२५ च्या उन्हाळ्यात रियेकाचं असंच झालं. चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत लुदोगोरेत्सनं घालवलं, युरोपा लीगच्या पात्रतेत आले, तिथं शेलबर्नला हरवलं, मग पाओककडून हरले आणि तिसऱ्या पायरीच्या कॉन्फरन्स लीगमध्ये उतरले. तीन स्पर्धांची नावं दोन महिन्यांत. त्या काळात पानाच्या वर स्पर्धेचं नाव लिहिल्याशिवाय ओळ भरू नका.

खेळाडूंची यादी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पेन्सिलनंच लिहा. हे क्लब पोरं घडवतात आणि विकतात, त्यावरच त्यांचं चालतं. मिलानला गोल मारणारा बातुरिना त्या उन्हाळ्यात कोमोला गेला, पेतार सुचिच इंटरला. जुलैच्या पात्रता फेरीत दिसलेला पोरगा ऑगस्टअखेर इटलीत असतो, त्याच्या जागी नाव न ऐकलेला कुणी येतो. खरेदी-विक्रीची मुदत संपली, सप्टेंबर उजाडला, की मग त्या यादीवर पेन फिरवायचं.